बिलावर माणशी लिटर छापा

संपादक महोदय,

पाणीकपातीची बातमी आली की आमच्याकडे दोनच गोष्टी घडतात. टँकरवाल्याला फोन जातो आणि वॉचमनवर आरडाओरडा होतो. घोडबंदर रोडवरच्या आमच्या ७२ सदनिकांच्या सोसायटीची मी पाच वर्षे खजिनदार आहे. पाण्याचे बिल आणि टँकरच्या पावत्या दोन्ही माझ्याच हातून जातात, म्हणून हे लिहिते आहे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये टँकरचा खर्च पाहून मी कमिटीकडे हट्ट धरला आणि तिन्ही विंगच्या गच्चीवरच्या टाक्यांत पाणी चढवणाऱ्या पाइपांवर आमचे स्वतःचे मीटर बसवून घेतले. रोज सकाळी सात वाजता आकडा वहीत उतरवायचा. पहिल्या आठवड्याची सरासरी निघाली दिवसाला ५८ हजार लिटर. लहानथोर मिळून आम्ही २७० माणसे, म्हणजे माणशी २१५ लिटर. मलनिस्सारणाची सोय असलेल्या शहरांसाठी केंद्राच्या निकषात माणशी १३५ लिटर धरलेले आहेत, महानगरांसाठी १५०. आणि एवढे पाणी वापरूनही आम्ही ‘पुरत नाही’ म्हणून टँकर मागवत होतो!

मग शोध सुरू झाला. एका रविवारी प्लंबरला घेऊन घरोघर फिरलो. फ्लशच्या टाकीत थोडी नीळ टाकायची, पंधरा मिनिटे फ्लश करायचा नाही. भांड्यात निळे पाणी उतरले की टाकी गळते. १९ घरांत उतरले. आवाज नाही, ओल नाही, त्यामुळे त्या घरांतल्या कुणालाच पत्ता नव्हता. गच्चीवरच्या एका टाकीचा बॉलकॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी थांबवणारा तरंगता नळ, बिघडला होता आणि ओव्हरफ्लोचा पाइप कुणीतरी पावसाच्या पाण्याच्या पाइपाला जोडून ठेवला होता. पंप चालू असेपर्यंत पाणी थेट गटारात जात होते, कुणाच्या नजरेस न पडता. या दुरुस्त्या झाल्या, स्वयंपाकघरांतल्या नळांना धार कमी करणाऱ्या जाळ्या बसल्या आणि दोन महिन्यांत आकडा ४४ हजारांवर आला. माणशी १६३. अजून निकषाच्या वरच आहोत, पण ठरलेला टँकर बंद झाला.

यात भाषणे कुठेही नव्हती. ‘पाणी वाचवा’चे फलक आमच्या लिफ्टशेजारी कित्येक वर्षे लटकत होते, त्यांनी एक थेंब वाचला नाही. फरक पडला तो फळ्यावर विंगवार आकडा लिहायला लागल्यावर. आठवडाभरातच बी विंगमधली एक मुलगी जिन्यात थांबवून विचारू लागली, “काकू, आज आमचा आकडा का वाढला?” शनिवारी नळीने गाड्या धुतल्या होत्या, म्हणून. पुढच्या शनिवारी बादल्या दिसल्या.

आता पाणी पुरवणाऱ्या यंत्रणांकडे वळते. आमच्या हाती येणारे बिल काही महिन्यांनी येते आणि त्यात सगळ्या सोसायटीचा मिळून एक आकडा असतो. तो आम्ही ७२ने भागून मेंटेनन्समध्ये घालतो. दोन म्हातारी माणसे असलेल्या घराला आणि दिवसातून दोनदा वॉशिंग मशीन लावणाऱ्या सहा माणसांच्या घराला सारखेच पैसे. आपण किती पाणी वापरतो हे कुणाला कळतच नसेल, तर त्याने वाचवायचे तरी कशाच्या आधारावर? माझी मागणी साधी आहे. बिल दरमहा द्या आणि त्यावर ठळक छापा: तुमच्या संस्थेत माणशी दिवसाला इतके लिटर, निकष इतका, तुमच्या प्रभागाची सरासरी इतकी. माणसांची संख्या संस्थेकडून वर्षातून एकदा लिहून घ्या.

त्यानंतर दराचे बघा. निकषापर्यंतचे पाणी स्वस्तच हवे, त्यापुढे दर टप्प्याटप्प्याने चढायला हवा. कराडजवळच्या मलकापूरने सगळ्या नळांना मीटर, चढता दर आणि चोवीस तास पाणी हे एकत्र करून दाखवले. ते आपल्याच राज्यातले लहान गाव आहे, ठाण्याला जमणार नाही असे काय आहे त्यात? मात्र टप्पे नळजोडणीवर मोजू नका, माणसांवर मोजा. चाळीत एका नळावर पाच कुटुंबे असतात. जोडणीमागे टप्पे लावले तर सर्वांत कमी पाणी वापरणाऱ्यांनाच सर्वांत महाग दर पडेल, आणि तो शुद्ध अन्याय ठरेल.

प्रत्येक घराला वेगळा मीटर हवा, असे अनेकजण म्हणतात. जुन्या इमारतींत ते सोपे नाही. एकेका घरात स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडास यांचे उभे पाइप वेगवेगळे उतरतात, म्हणजे घरटी तीन-चार मीटर लागतील. तिथे विंगवार मीटर पुरेत, आमचा अनुभव तोच आहे. नव्या इमारतींना मात्र घरात एकच पाइप आणि त्यावर मीटर असल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्रच देऊ नये.

शटडाऊनबद्दलही सांगायला हवे. चोवीस तास पाणी बंद राहणार अशी सूचना आली की आदल्या दिवशी आमचा वापर उसळतो, आणि पाणी सुरू झाल्या दिवशी तो पुन्हा उसळतो. कारण भरून ठेवलेले पाणी ‘शिळे’ म्हणून मोरीत ओतले जाते. सूचनेत एवढीच भर घाला: चार माणसांना दोनशे लिटरचा एक पिंप पुरतो, उरलेले पाणी फ्लशला आणि फरशीला वापरा.

लोक विचारतील, रस्त्यात जलवाहिनी फुटून कारंजी उडतात त्याचे काय? रास्त प्रश्न आहे. जे माप आम्हाला, तेच यंत्रणेलाही. उचललेले पाणी किती, बिलात आलेले किती आणि मधे गेले किती, हे दर महिन्याला प्रभागवार जाहीर करा. माझ्या वहीत आमच्या गळतीची नोंद आहे, तशी त्यांचीही दिसली पाहिजे.

हे सगळे मला एवढे का लागते, तेही सांगते. माझे सासर शहापूर तालुक्यातले. भातसा धरण त्याच तालुक्यात. ठाणे आणि मुंबई त्या पाण्यावर जगतात, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण मी तिथे डोळ्यांनी पाहिली आहे. आमच्या गच्चीवरून गटारात गेलेले पाणी कुठून आले होते, हे मला ठाऊक आहे.

माझी वही पाणीपुरवठा खात्याच्या कोणत्याही अभियंत्याला दाखवायची माझी तयारी आहे. बिलाचा नमुना बदलायचा झाला, तर पहिली चाचणी आमच्या सोसायटीत घ्या. माणसांची यादी मी तयार ठेवली आहे.

आपली,
एक खजिनदार, सहकारी गृहनिर्माण संस्था,
घोडबंदर रोड, ठाणे (प.)