दुर्बिणीशेजारच्या गावांनाही संशोधनात वाटा द्या : केंद्रीय विज्ञानमंत्र्यांना खुले पत्र

मा. डॉ. जितेंद्र सिंह,
केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान राज्यमंत्री (स्वतंत्र कार्यभार),
नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत लिहितोय, कारण ज्या गावांबद्दल ते आहे तिथल्या लोकांनाही ते वाचता यावं. दिल्लीत अनुवादाची सोय असेलच. विज्ञान-तंत्रज्ञान आणि अणुऊर्जा ही दोन्ही खाती आपल्याकडे असल्यामुळे पुणे जिल्ह्यातल्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आणि औंढा नागनाथला होणारी लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी (अवकाशात उठणारे तरंग) टिपणारी वेधशाळा या दोन्हींबद्दल एकाच दारात बोलता येतं, म्हणून आपल्यालाच लिहितोय. मी पुण्यात वास्तुकला शिकवतो. खगोलशास्त्र हा माझा विषय नाही, पण वेधशाळा जिथे उभ्या राहतात तिथल्या वस्त्या हा नक्की आहे.

नारायणगाव सोडून खोडदच्या रस्त्याला लागलं की टोमॅटो-कांद्याच्या शेतांमागे पांढऱ्या थाळ्या दिसू लागतात. एकेकीचा व्यास 45 मीटर, अशा एकूण 30. त्यांतल्या 14 एका ठिकाणी, बाकीच्या 16 तीन दिशांना शिवाराशिवारांत, सुमारे 25 किलोमीटरच्या पसाऱ्यात. जवळ गेल्यावर कळतं की थाळी भरीव नाहीच, पोलादी दोरांवर ताणून बसवलेली बारीक तारेची जाळी आहे. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्चही आटोक्यात राहिला. प्रा. गोविंद स्वरूप यांचं हे डोकं. जगभरचे संशोधक आज या दुर्बिणीवर वेळ मिळावा म्हणून अर्ज करतात. जून 2023 मध्ये गुरुत्वीय लहरींच्या मंद गुंजारवाचे पुरावे जगापुढे आले, त्यात इथली निरीक्षणंही होती.

या दुर्बिणीला रेडिओ शांतता लागते. विजेच्या तारेवरचा तडकलेला इन्सुलेटर किंवा बिघडलेला टीव्ही बूस्टर एवढंही तिला पुरेसा त्रास देतं, कारण आकाशातून येणारा संदेश त्याहून कितीतरी क्षीण असतो. म्हणून या पट्ट्यात कारखान्यांवर बंधनं आहेत आणि बऱ्याच गोष्टींना वेधशाळेचा ना-हरकत दाखला लागतो. पुणे–नाशिक रेल्वेचा नारायणगाववरून आखलेला मार्गही याच कारणाने अडला, आणि तो शिर्डीकडून नेण्याचं रेल्वेमंत्र्यांनी सांगितलं. तेव्हापासून जुन्नर, आंबेगाव, संगमनेरकडे एकच चर्चा आहे: दुर्बिणीपायी आमची रेल्वे गेली.

वेधशाळेची बाजू मला पटते. विजेवर धावणाऱ्या गाडीच्या ठिणग्या तिला परवडणार नाहीत, हे उघड आहे. पण इतकी वर्षं ही शांतता ज्यांनी पाळली, त्यांनी काय गमावलं याचा हिशेब कुणी मांडलाय? किती रोजगार आला नाही, तरुण कुठे गेले, बांधकामं कशी बदलली? वेधशाळेतून निघालेल्या शोधनिबंधांचं शेल्फ भरेल, पण तिच्या शेजाऱ्यांवरचा म्हणावा असा अभ्यास माझ्या वाचनात नाही. 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन भरतं, तालुक्यातली शाळकरी पोरं झुंडीने येतात, थाळीखाली उभी राहून माना वर करतात. फार चांगला उपक्रम आहे. पण दाखवणं वेगळं आणि विचारणं वेगळं.

विचारण्याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको, आपल्या सरकारचा पैसाच तिथे गेलाय. जानेवारी 2024 मध्ये आपण स्क्वेअर किलोमीटर ॲरे या जागतिक दुर्बिणीत सामील व्हायचं ठरलं, 1,250 कोटी रुपये मंजूर झाले. तिचा एक भाग पश्चिम ऑस्ट्रेलियात वाजारी यामाजी या आदिवासींच्या जमिनीवर उभा राहतोय. बांधकाम सुरू होण्याआधी, नोव्हेंबर 2022 मध्ये, त्या लोकांशी जमिनीच्या वापराचा रीतसर करार झाला. वेधशाळेच्या जागेला त्यांच्या भाषेतलं नाव आहे.

उलटी गोष्ट हवाईची. मौनाकेआ पर्वतावरच्या तीस मीटर दुर्बिणीतही भारत भागीदार आहे. तिथल्या मूळ रहिवाशांसाठी तो पर्वत पवित्र. 2014 पासून आंदोलनं झाली, 2019 मध्ये लोक रस्त्यात बसले. पर्वताच्या कारभारात मूळ हवाईयन लोकांना जागा देणारा कायदा 2022 मध्ये आला, दुर्बीण मात्र अजून उभी राहिलेली नाही. दुर्बिणीचे आरसे कसे घासायचे हे ठाऊक असलेल्या लोकांना गावाशी कसं बोलायचं हे कुणी शिकवलेलं नसतं, आणि तो त्यांचा दोषही नाही.

कायद्याचं म्हणाल तर तो आपल्या बाजूने आहे. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं 27 वं कलम वैज्ञानिक प्रगतीत आणि तिच्या लाभात वाटा मिळणं हा प्रत्येकाचा हक्क मानतं. आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या करारातलं 15 वं कलमही तेच सांगतं, आणि तो करार भारताने 1979 मध्येच स्वीकारलाय. आपल्या विधी महाविद्यालयांत ही कलमं परीक्षेपुरती शिकवली जातात. वेधशाळेच्या कुंपणाशी उभं राहून ती वाचावीत असं कुणाला वाटत नाही.

आता औंढ्याकडे येतो, कारण तिथे अजून वेळ आहे.

एप्रिल 2023 मध्ये मंत्रिमंडळाने लायगो-इंडियासाठी सुमारे 2,600 कोटी मंजूर केले. हिंगोली जिल्ह्यात, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची ही वेधशाळा प्रोटॉनच्या रुंदीच्या हजारो पट लहान हालचाल मोजणार. त्यासाठी जमीन शांत लागते. इथे अडचण रेडिओ लहरींची नाही, थरथरीची आहे. अवजड वाहतूक, खाणीतले सुरुंग, खडी क्रशर, सगळ्यावर नजर ठेवावी लागेल. म्हणजे खोडदच्या शेजाऱ्यांवर आली तशीच बंधनं वेगळ्या रूपात इथल्या गावांवर येणार.

आणि हा तोच जिल्हा आहे, जिथे वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावाला वर्षानुवर्षं जमिनीच्या पोटातून आवाज येतात. रात्री गुडगुड झाली की लोक घराबाहेर येऊन बसतात. मार्च आणि जुलै 2024 मध्ये जिल्ह्याला साडेचारच्या आसपास तीव्रतेचे धक्केही बसले. म्हणजे जगातल्या सर्वांत बारकाईने हालचाल मोजणाऱ्या यंत्रांपैकी एक आणि जमिनीच्या हालचालीला रोज घाबरणारी गावं एकाच जिल्ह्यात असणार आहेत. वेधशाळेभोवती बसणाऱ्या भूकंपमापकांच्या नोंदी फक्त लहरींच्या शोधातून गोंगाट वगळायला वापरायच्या, की त्यांतून पांगरा शिंदेच्या माणसाला त्याच्या घराबद्दल काही सांगायचं? खगोलशास्त्रज्ञाला हा प्रश्न पडणार नाही. घरं बांधणाऱ्याला पडेल, पण त्याला नोंदी मिळणार नाहीत.

घरांचं महत्त्व मराठवाड्याला सांगायची गरज नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात माणसं मेली ती बहुतांश आपल्याच घरांखाली, मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं जड माळवद अंगावर येऊन. पुनर्वसनात पुष्कळ गावं नव्या जागी हलली. सरळ रस्ते, सारख्या आकाराचे प्लॉट, एकसारखी घरं. दाराजवळच्या ढाळजेत बसून गावावर नजर ठेवणारा म्हातारा त्या नकाशात कुठेच नव्हता. जनावरं कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, याचाही विचार नकाशात कमीच.

पण त्याच पुनर्वसनाची दुसरी बाजू मी दरवर्षी विद्यार्थ्यांना सांगतो. जी गावं जागेवरच राहिली, तिथे घरमालकांनी स्वतः दुरुस्ती केली. भिंतीत आरपार दगड बसवणं, माळवदावरची माती उतरवून वजन कमी करणं, लाकडी खांबांना तिरपे आधार देणं. इंजिनिअर आणि गाव यांच्यात दुवा म्हणून गावातल्याच बायका संवाद सहायक झाल्या. अनुदानाचा हप्ता कधी, सिमेंट किती, गवंडी बरोबर करतोय का, हे त्या दारोदार जाऊन समजावत. लोकसहभागातून वास्तुरचना म्हणतात ती हीच. औंढ्याच्या पंचक्रोशीत या अनुभवाची आज गरज आहे आणि तो अनुभव असलेल्या बायका मराठवाड्यातच अजून आहेत.

आम्ही काही शिक्षकांनी, एक खगोलशास्त्राचा, एक कायद्याचा आणि मी, असा एकत्र अभ्यास करायचं ठरवून एका निधी देणाऱ्या संस्थेकडे अर्ज भरायला घेतला. अर्जात मुख्य विषय एकच निवडता येत होता. खगोलशास्त्र निवडलं तर परीक्षक विचारणार, यात निरीक्षणं कुठे आहेत. वास्तुकला निवडली तर लायगोचं काय काम. कायद्याच्या चौकटीला तर विज्ञानाच्या यादीत जागाच नव्हती. अर्ज अर्ध्यावर राहिला.

अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानच्या 2023 च्या कायद्यात मात्र विज्ञानाला लागून असलेल्या मानव्यविद्या आणि समाजशास्त्रांचा स्पष्ट उल्लेख आहे. तो कागदावर राहू नये, एवढीच विनंती. लायगो-इंडियाच्या खर्चातला अगदी लहानसा हिस्सा आसपासच्या गावांबरोबरच्या संयुक्त अभ्यासासाठी राखून ठेवा. त्याच्या समितीत खगोलशास्त्रज्ञ, वास्तुविशारद, कायद्याचे अभ्यासक आणि ग्रामसभांनी निवडलेली माणसं समान अधिकाराने असावीत. भूकंपमापकांच्या नोंदींतल्या ज्या खुल्या करता येतील त्या ग्रामपंचायतींना मराठीत द्या. वेधशाळेच्या नावाने जे जे बंधन येईल, त्याचं कारण आणि मुदत ग्रामसभेत आधी मांडली जावी. आणि खोडदसाठी, उशिरा का होईना, गेल्या तीस वर्षांचा हिशेब कुणीतरी करावा. रेल्वेचा वाद पेटलेला असताना तो वेधशाळेलाही उपयोगी पडेल.

हे काम बांधकाम जोरात सुरू व्हायच्या आत झालं पाहिजे, नंतर फक्त तक्रारी उरतात. याची पहिली बैठक कृपया दिल्लीत ठेवू नका. औंढा नागनाथला घ्या, मंदिराजवळ एखादं कार्यालय मिळेल. मोंढ्याच्या दिवशी मात्र नको, त्या दिवशी गावातलं कुणी मोकळं नसतं.

आपला विश्वासू,
पुण्यातील एक वास्तुकला शिक्षक