कृषिमंत्र्यांना खुले पत्र : पॅराक्वाटची विक्री थांबवा

माननीय कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सादर नमस्कार.

मी चोपडा तालुक्यातील कापूस उत्पादक आहे. गेल्या महिन्यात माझा धाकटा भाऊ वारला. निंदणीला मजूर मिळेनात म्हणून त्याने कपाशीच्या ओळींमध्ये पॅराक्वाट हे तणनाशक फवारले. पाठीवरचा पंप झाकणातून गळत होता आणि भिजलेल्या सदऱ्यानिशी तो सायंकाळपर्यंत फवारत राहिला. पट्ट्याने सोललेल्या खांद्यातून विष आत गेले. तिसऱ्या दिवशी लघवी कमी झाली, आठव्या दिवशी बोलताना धाप लागू लागली. या विषावर उतारा नाही आणि ऑक्सिजन सढळ दिला तर फुप्फुसांची इजा वाढते, हे मला डॉक्टरांकडून तेव्हा कळले. भाऊ श्वासासाठी तडफडत होता, माझा हात धरून "नळी लाव" म्हणत होता, आणि मी काहीच करू शकलो नाही. त्या रात्रीपासून मला झोप नाही.

खरिपापूर्वी गावातील सभेत आम्हाला हातमोजे, मुखपट्ट्या व प्रशिक्षण देण्याचे आश्वासन मिळाले होते. त्यातले काहीही आले नाही. दुकानदाराने बाटली दिली, तिच्यावरचा पिवळा त्रिकोण म्हणजे अतिविषारी असल्याची खूण, हे कोणी सांगितले नाही. बाटलीसोबतच्या घडीपत्रकातील अक्षरे तर भिंगाशिवाय वाचता येत नाहीत. एवढे करून चौकशीच्या कागदावर कारण लिहिले गेले : शेतकऱ्याचा निष्काळजीपणा. साहेब, हा शब्द मला माझ्या भावाच्या मृत्यूइतकाच लागला आहे.

स्वित्झर्लंडने १९८९ मध्ये आणि युरोपीय संघाने २००७ मध्ये पॅराक्वाट बंद केले. आपल्याच देशात केरळने २०११ मध्ये ते थांबवले. यवतमाळात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने विसाहून अधिक माणसे गेल्यावर आपल्या शासनाने पाच कीटकनाशकांवर ६० दिवसांची बंदी घातली, त्यात एकही तणनाशक नव्हते. म्हणजे १९६८ च्या कीटकनाशक कायद्याचा अधिकार हाती आहे, पण तो माणसे मेल्यावरच आठवतो, आणि तोही दोन महिन्यांपुरता. कायमच्या बंदीचे विचारले की राज्य केंद्राकडे बोट दाखवते, केंद्र समिती नेमते, आणि दरम्यान पुढचा हंगाम येतो.

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पॅराक्वाटची विक्री आजच थांबवावी, कायमच्या बंदीसाठी केंद्राला लिहावे आणि ते पत्र जाहीर करावे. चौकशीच्या कागदावरील तो शब्द खोडावा. गळका पंप मी खळ्यात तसाच ठेवला आहे. तो पाहायला अद्याप एकही अधिकारी आलेला नाही.

आपला,
चोपडा तालुक्यातील एक शेतकरी