रविवारी पडदा लावत नाही

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन मी आधी ठेवला. तसं करायला नको होतं. तू एवढंच म्हणालीस, "आप्पा, रविवारी माझी शर्यत दाखवायला देवळापुढं पडदा लावू नका, माणसं जमवू नका." आणि मी वर्गणीचा हिशोब सांगत बसलो. कुणी शंभर दिले, कुणी कोंबडी विकून दिले. ती वेळ ते सांगायची नव्हती. तुझा आवाज बसलेला लागला, तेव्हाच विचारायचं होतं, नडगी परत दुखतीय का?

पायाचं लिहायचं नाही असं तुझ्या आईला कबूल केलंय. तरी लिहून झालं.

माणसं जमायची सवय आपल्याला मोहीच्या ललिता बाबरनं लावली. 2016 ची 15 ऑगस्ट. सकाळी झेंडावंदन, आणि संध्याकाळी पावणेआठला रिओ ऑलिंपिकची स्टीपलचेस फायनल, तुझीच ती अडथळ्यांवरून आणि पाण्यावरून उड्या मारत पळायची शर्यत. नानाचा टीव्ही ओट्यावर आणला होता. पी. टी. उषानंतर 32 वर्षांनी आपली बाई ट्रॅकवरच्या फायनलला होती, आणि ती माण तालुक्यातली. तू आठ वर्षांची, माझ्या मांडीवर. आजीनं विचारलं, "प्यायला आपल्याला टँकर, आणि ह्यांनी पळायच्या वाटंवर पाणी भरून ठेवलंय?" कुणालाच उत्तर देता आलं नाही. शेवटच्या फेरीला मात्र सगळं गाव उभं होतं. दहावी आली, 9 मिनिटं 22 सेकंद. गुलाल नव्हता म्हणून भंडारा उधळला.

दुसऱ्या दिवशी तू बैलांच्या डोणीवरून उडी मारलीस आणि गुडघा फोडून घेतलास. हळद मीच दाबली होती. रडली नाहीस. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता. आता वाटतं, रडली असतीस तर बरं झालं असतं. दुखलं की सांगायची सवय लागली असती.

पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी, 2024 ला, ह्याच शर्यतीची अविनाश साबळेची फायनल मध्यरात्रीनंतर सव्वाला होती. आपण दोघंच जागे होतो. तो अकरावा आला आणि तू तोंडावर पांघरूण घेतलंस. पुढच्या जुलैत मोनॅकोला तोच पाण्याच्या उडीवर पडला, गुडघ्याचं लिगामेंट गेलं. एवढा अनुभवी, सैन्यातला माणूस. ती क्लिप बघू नका म्हणतेस, पण रात्री झोप लागली नाही की हात तिकडंच जातो.

साडेसात फेऱ्या, 28 अडथळे, 7 वेळा पाणी. प्रत्येक वेळी अंगाचा सगळा भार एका पायावर येतो. म्हणून सांगतो, सरांपासून लपवू नको. बर्फ लाव, वेळेवर झोप, जेवण चुकवू नको, फिजिओनं सांगितलेले व्यायाम उद्यावर ढकलू नको. आणि एखादी शर्यत सोडली म्हणून काही...

झालं, लागलो शिकवायला. माफ कर. मी मेंढरांमागं पळालो, घड्याळ लावून कधी नाही. तुझ्या पायात काय होतं ते तुलाच कळणार.

काल देवळात जाऊन पोरांना सांगितलं, पडदा नको. पोरांची तोंडं उतरली, पण वाद घातला नाही कुणी. वर्गणी तुझ्या स्पाइक्सच्या बुटांसाठी ठेवा म्हणाले. फ्लेक्स मात्र छापून आलाय. गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. ठेवायच्या आधी तुझ्या आईनं अंगणात पसरून बघितला. तुझा चेहरा केवढा मोठा आलाय त्यावर! शेजारच्या सगळ्या बायका येऊन बघून गेल्या. मी कुणाला अडवलं नाही, तेवढं पोटात घाल.

शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीच्या खारोड्या पाठवल्यात. डब्याच्या तळाला हळदीची पुडी आहे, दुधात घे.

रविवारी सकाळी फोन करू नको, पळायच्या आधी बोललेलं तुला चालत नाही. शनिवारी रात्री कर. आईला नको, मला कर. "बरी आहे" म्हणू नको. कुठं दुखतंय आणि किती, तेवढं सांग.

तुझे
आप्पा

ता. क. आजी विचारतीय, पाण्यावरून उडी न मारता कडेनं गेलं तर चालतं का. मी नाही म्हणालो. तेव्हापासून ती देवापुढं बसलीय.