हिशेबाची वही कोयत्याच्या हाती : दसऱ्याआधी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

गौरी-गणपती उरकले, पितृपक्ष लागला. दसरा झाला की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासारच्या वाड्या-तांड्यांवर ट्रक लागतील आणि निम्मं गाव ऊस तोडायला सांगली, कोल्हापूर, कर्नाटकच्या फडांकडे, म्हणजे उसाच्या शेतांकडे, निघेल. त्याआधी प्रत्येक कोयत्याच्या, म्हणजे तोडीला जाणाऱ्या जोडप्याच्या, हाती हिशेबाची वही द्यायची, हा आपल्या मदत केंद्राचा शिरस्ता. यंदा 2,000 वह्यांची मागणी आहे आणि पेटीत कागदापुरतेही पैसे नाहीत.

मागण्याआधी ऋण मान्य करतो. मोंढ्यातल्या हमाल-मापाडी बांधवांनी सलग तीन हंगाम एक दिवसाची हमाली दिली. त्यांना या कामाचं मोल समजावून सांगावं लागलं नाही. 1969 च्या माथाडी कायद्याने हमालाची मजुरी मंडळात जमा होऊ लागली, मधला टोळीवाला बाजूला झाला, हे त्यांच्या घरात घडलेलं आहे. छापखान्याच्या अण्णांनी मजुरी घेतली नाही, फक्त कागदाचे पैसे घेतले आणि तेही सवडीने. बचत गटाच्या आक्कांनी जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवल्या, वहीसाठी एक कप्पा आणि कोयत्याला धार लावायच्या सामानासाठी एक. आशाताईंनी आजारपणाचं पान लिहून दिलं. हंगामी वसतिगृहाच्या गुरुजींनी तर पोरांनाच रकाने भरायला शिकवलं. आई तोडते, पोरगी लिहिते, अशा कितीतरी वह्या परत आल्या. यातलं एकही नाव पावतीपुस्तकावर मोठ्या अक्षरात नाही, पण केंद्र उभं आहे ते यांच्याच जिवावर.

गेल्या वर्षीचं आवाहन गटागटांतून फिरलं, कौतुकाचे अंगठे शेकड्यांनी आले, पावत्या मात्र एकोणीस फाटल्या. ज्यांची शिक्षणं कोयत्याच्या पैशावर झाली, त्यांच्या घरून निरोपही आला नाही. वाईट वाटलं, ते लपवत नाही.

वहीच का, धान्य किंवा कपडे का नाहीत, हे पुष्कळजण विचारतात. त्याचं उत्तर दूरच्या दोन दुर्घटनांत आहे. 24 एप्रिल 2013 रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ सावर इथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि 1,134 माणसं मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेले होते. खालची बँक आणि दुकानं बंद झाली. वरच्या पाच शिलाई कारखान्यांतल्या कामगारांना मात्र पगार कापायची धमकी देऊन आत बोलावलं. त्याआधी सप्टेंबर 2012 मध्ये कराचीच्या बलदिया भागात कपड्यांच्या कारखान्यात अडीचशेहून जास्त माणसं होरपळून गेली. त्या कारखान्याला सुरक्षित कामाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र जेमतेम काही आठवड्यांपूर्वीच मिळालं होतं. तपासनीस ठरलेल्या दिवशी येतो, मालकाने दाखवलेली रजिस्टरं बघतो आणि त्याची फी भरतो तो कारखाना किंवा माल घेणारा. कामगाराच्या हातचा कागद कुठेच लागत नाही. राणा प्लाझात कोणत्या कंपन्यांचा माल शिवला जात होता, हे शाबीत करायला शेवटी ढिगाऱ्यातली लेबलं आणि ऑर्डरचे कागद वेचावे लागले.

मे 2013 मध्ये बांगलादेशात कारखान्यांच्या सुरक्षेचा जो करार झाला, तो म्हणूनच वेगळा ठरला. कामगार संघटना आणि दोनशेहून जास्त ब्रँड यांनी सह्या केल्या, तपासणीचे अहवाल उघड केले आणि करार मोडणाऱ्याला लवादापुढे खेचायची सोय ठेवली. स्वखुशीच्या आचारसंहितेपेक्षा हा मार्ग चांगला, असं आमचं ठाम मत आहे.

आपला फड त्या कारखान्यांपेक्षा वेगळा नाही. ब्रँड म्हणतो कामगार कंत्राटदाराचे, साखर कारखाना म्हणतो कोयते टोळी नेणाऱ्या मुकादमाचे. जानेवारी 2024 च्या 34 टक्के वाढीनंतर तोडणीचा दर टनाला साधारण 366 रुपये झाला. नवरा-बायकोने मिळून दिवसात दोन टन तोडले तर 732 रुपये, तेही दोघांत. आणि खाडा, म्हणजे सुट्टी, पडला तर कमाई बुडून वर पाचशे ते हजार कापले जातात. पाळीच्या दिवसांतही खाडा नको, म्हणून गर्भाची पिशवीच काढून टाकलेल्या बायका आपल्या भावकीत आहेत. 2019 मध्ये सरकारी समितीने बीड जिल्ह्यात 82 हजारांवर महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यातल्या 13 हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं.

काहीजण सुचवतात, अशी साखर विकतच घेऊ नये. तसं एकदा होऊन गेलं आहे. बालमजुरांनी केलेला माल रोखायचं विधेयक 1992 मध्ये अमेरिकेत आलं, त्याच्या नुसत्या धास्तीने बांगलादेशातल्या शिलाई कारखान्यांनी हजारो मुलांना काढून टाकलं. त्यातली पुष्कळ मुलं खडी फोडायला आणि त्याहून वाईट कामांना लागली. 1995 मध्ये शाळा आणि विद्यावेतनाचा करार झाला, तेव्हा कुठे काहींची सोय लागली. माल नाकारण्याआधी कामगाराचं काय, ते ठरवावं लागतं.

कायदे आहेत. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या कलम 15 प्रमाणे, मजुराने हे बंधक कर्ज आहे असं म्हटलं, तर ते तसं नाही हे धनकोने शाबीत करायचं. किमान वेतनाहून कमी पैशात राबवून घेणं ही घटनेच्या कलम 23 खालची वेठच, हे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये सांगून ठेवलं आहे. जर्मनीत 2023 पासून पुरवठा साखळीचा, म्हणजे माल पुरवणाऱ्यांकडच्या मजुरांची जबाबदारी कंपनीवर टाकणारा, कायदा आहे, तिथल्या सरकारी कार्यालयाकडे इथला मजूरही तक्रार करू शकतो. युरोपात वेठीच्या मालावर बंदी डिसेंबर 2027 पासून लागू व्हायची आहे. पण तहसील असो की परदेशातलं कार्यालय, पहिला प्रश्न एकच : उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) किती, फिटली किती, तारखा कोणत्या, कारखाना कोणता?

तेवढंच वहीत आहे. 32 पानं : पहिल्यावर उचल, ती कोणासमोर घेतली आणि कोऱ्या स्टॅम्पवर सही दिली की नाही, मग आठवड्याला एक पान. तारीख, फड, गाडी नंबर, काट्याच्या पावतीचा नंबर, टन, आपल्या वाट्याचं वजन, खाडा आणि त्याचं कारण, किराण्याची उचल. चुका नेमक्या कुठे होतात तेही सांगतो. काट्याची पावती गुळगुळीत कागदावर निघते, उन्हाउबेत महिना-दोन महिन्यांत अक्षरं उडतात. त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढावा. पावती गाडीच्या नावे असते, कोयत्याच्या नाही, म्हणून वाटणी त्याच संध्याकाळी लिहावी. शनिवारी लिहू म्हटलं की विसरतं आणि मुकादमाचाच आकडा खरा ठरतो. जेल पेन वापरू नये, दंवाने शाई फुटते, बॉलपेन बरं. सही येत नसेल तर अंगठा, पण मुकादमाचाही शेजारी. तो देत नसेल तर "दिला नाही" असं तारखेसह लिहावं, तेही उपयोगी पडतं. वही कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, ठेवू नये, पाचटाला आग लागली की पहिली तीच जाते.

खर्च : वही 32 रुपये, प्लॅस्टिक पिशवी 6 रुपये, म्हणजे 2,000 वह्यांचे 76,000, पाच महिने मदतीचा फोन आणि फडावर जाण्याचा प्रवासखर्च 54,000, एकूण 1,30,000 रुपये. एका कोयत्याचे 38 रुपये. रोख फक्त कार्यालयात, सकाळी 10 ते 1, पावती घेतल्याशिवाय देऊ नये. बँक खात्याचा तपशील फलकावर आहे. सर्वपित्री अमावास्येपर्यंत रक्कम पोचली तरच कागद येईल. पैसे नसतील तर घटस्थापनेपासून रोज संध्याकाळी वह्यांवर शिक्के मारायला या. बॉलपेनही लागतील, निळे, 2,000.

आपला,
सचिव,
ऊसतोड कामगार मदत केंद्र