मनाई आदेश पुरे झाले, आता पायथ्याशी माणूस उभा करा

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय: कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातल्या डोंगरवाटांची सुरक्षितता

महोदय,
सविनय नमस्कार.

पावसाळा सुरू झाला की धबधबे, गड आणि घाटवाटा बंद करणारे मनाई आदेश निघू लागतात. त्यामागची काळजी खरी आहे. 2024 च्या जूनअखेरीस लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यानंतर प्रशासनाने गप्प बसावं असं कुणीच म्हणणार नाही. पण धबधब्याच्या तोंडाशी पोलीस उभा करता येतो, तसा तो डोंगराच्या प्रत्येक वाटेवर करता येत नाही. बंदी असली तरी लोक पहाटेच्या अंधारात आडवाटेने चढतात. वर अडकले की कारवाईच्या भीतीने फोन करायला कचरतात, आणि मदत उशिरा निघते.

हरिश्चंद्रगडाचंच पाहा. पाचनईची वाट अहिल्यानगर जिल्ह्यात, खिरेश्वरची पुणे जिल्ह्यात, तर नळीच्या वाटेचा पायथा ठाणे जिल्ह्यात. एका जिल्ह्याचा आदेश दुसऱ्या बाजूने चढणाऱ्याला लागू होत नाही. गडाच्या कोकणाकडच्या उभ्या कड्याच्या, म्हणजे कोकणकड्याच्या, पोटात अडकलेल्या माणसाला आपण नेमक्या कुठल्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत आहोत हे सांगता येत नाही. या डोंगराकडे अखंड डोंगर म्हणून पाहू शकेल असं खातं एकच, ते म्हणजे आपलं वन खातं. म्हणून हे पत्र आपल्याला.

2023 च्या ऑगस्टमध्ये पुण्याहून आलेला एक गट खिरेश्वरच्या वाटेवरच्या तोलार खिंडीच्या बाजूने गडावर जाताना धुक्यात वाट चुकला. पावसात आणि वाऱ्यात त्यांना रात्र काढावी लागली, आणि त्यातला एक तरुण थंडीने दगावला. सह्याद्रीत थंडीने माणूस मरतो हे शहरात सांगितलं तर पटत नाही. पण अंगावर भिजलेले सुती कपडे, पठारावरचा वारा आणि पोटात अन्न नाही, एवढं शरीराचं तापमान 35 अंशांखाली उतरायला पुरतं. मग जीभ जड होते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. पुढे थरथर थांबते, आणि सोबत्यांना वाटतं की आता बरं वाटतंय.

ज्यांनी ती वाट केली आहे त्यांना ठाऊक आहे, की खिंडीतल्या व्याघ्रशिल्पापासून वर कातळटप्पा चढेपर्यंत चुकायला जागा नाही. फसगत होते ती त्याच्या वर. तिथे टेकाडांमागून टेकाडं लागतात, कारवीतून ढोरवाटा फुटतात आणि प्रत्येक ढोरवाट मुख्य वाटेइतकीच मळलेली असते. धुकं उतरलं की दहा पावलांवरचा सोबती दिसत नाही. दगडावर कुणीतरी कधीकाळी रंगवलेले बाण शेवाळाखाली गेलेले असतात. तिथे प्रत्येक फाट्यावर कमरेएवढा, क्रमांक कोरलेला दगडी खांब हवा. चुकलेल्याने फोनवर खांबाचा क्रमांक सांगितला, की शोधणाऱ्यांना रात्रभर रान पालथं घालावं लागणार नाही. काँक्रीटच्या पायऱ्या आणि जागोजागी रेलिंग मात्र नकोत. हे अभयारण्य आहे आणि ते तसंच राहायला हवं.

दुसरी गोष्ट पायथ्याशी असलेल्या वन खात्याच्या नाक्यावरच्या पावतीची. अशा एका नाक्यावर मला मिळालेल्या पावतीवर माणसांची संख्या होती, गाडीचा क्रमांक होता, घेतलेली रक्कम होती. कुठल्या वाटेने चाललात, परत कधी येणार, घरी कुणाला कळवायचं, यातलं काहीच नव्हतं. संध्याकाळी गट उतरला की नाही हे कळायला नाक्याकडे काही साधन नाही. तीन रकाने वाढवा, आणि अंधार पडल्यावर या नोंदी तपासणारा माणूस नेमा. ठरल्या वेळेला कुणी परतलं नाही तर शोध त्याच रात्री सुरू होईल.

2021 मध्ये राज्याने साहसी पर्यटन धोरण आणलं, ते स्वागतार्हच आहे. पण ते सहली नेणाऱ्या आयोजकांसाठी. समाजमाध्यमावर फोटो पाहून चार मित्र मोटारसायकलवर निघतात, त्यांना कुणी आयोजकच नसतो. त्यांच्याशी बोलणारा पहिला जबाबदार माणूस नाक्यावरच भेटू शकतो. विजेरी आहे का, कोरडे कपडे आहेत का, कोकणकड्याच्या धारेवर का जायचं नाही, हे तिथेच दोन मिनिटांत सांगता येतं. पायथ्याच्या गावातली मुलं हे काम उत्तम करतील. डोंगर त्यांच्या रोजच्या पायाखालचा आहे. त्यांना प्रथमोपचाराचं प्रशिक्षण द्या आणि पावसाळ्याचे चार महिने रीतसर पगार द्या.

आणि बचाव पथकं. आज डोंगरात कुणी पडलं की एमएमआरसीसीच्या, म्हणजे गिर्यारोहकांच्या बचाव पथकांचा समन्वय करणाऱ्या केंद्राच्या, हेल्पलाइनवर फोन जातो आणि जवळच्या पथकातली मुलं नोकरी-धंदा सोडून, बहुधा पदरमोड करून, दोर आणि स्ट्रेचर घेऊन निघतात. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा भर पावसात चिखलातून वर चढणाऱ्यांत अशी मुलंही होती. त्यांचा विमा सरकारने उतरवावा, झिजलेले दोर बदलून द्यावेत. जखमीला खांद्यावरून खाली आणणाऱ्या गावकऱ्यांना त्या दिवसाची मजुरी मिळावी. त्यांचा शेतीच्या कामाचा दिवस बुडालेला असतो.

हे सगळं एकदम राज्यभर करा असं म्हणणं नाही. येत्या पावसाळ्याआधी हरिश्चंद्रगडाच्या पाचनई आणि खिरेश्वर या दोन वाटांवर सुरुवात करा. खांब कुठे हवेत हे गावकरी आणि जुने गिर्यारोहक एका दिवसात दाखवतील. आपल्या अधिकाऱ्यांनी तारीख कळवावी, आम्ही त्यांच्यासोबत चालायला तयार आहोत.

कळावे,
आपला विश्वासू,
ठाण्याचा एक गिर्यारोहक