यादी कोणाच्या हातची?

चि. मेघा हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोन मध्येच तुटला आणि नंतर दोन दिवस लागलाच नाही. तुझा प्रश्न मात्र तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. तू म्हणालीस, "आई, इथल्या अधिकाऱ्याच्या माणसानं तयार यादी आणून दिलीय. ती घेतली तर तीन दिवसांत धान्य वाटून होतं. आम्ही घरोघर फिरून नोंद करायची तर तीन आठवडे. लोक आत्ता उपाशी आहेत. काय करू?" त्यावर मी "जपून राहा" एवढंच बोलले. ते काही उत्तर नव्हतं. म्हणून लिहिते आहे. दक्षिण सुदानमधल्या बेंटिऊला पोचल्यावर नेट मिळेल तेव्हा सावकाश वाच.

किल्लारीच्या भूकंपाचं तू लहानपणापासून ऐकत आलीस. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक नुकते पाठ टेकले होते. माळवदाची घरं, दगडमातीच्या जाड भिंती, डोक्यावर मातीचे थर. झोपलेली माणसं झोपेतच गाडली गेली. हे सगळं मी तुला सांगितलं, पण यादीची गोष्ट कधी सांगितली नाही.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, उपकेंद्रावरची नर्स. चार-पाच दिवसांनी एका गावात आमच्या गाडीसोबत ब्लँकेटं, भांडी आणि धान्याचा ट्रक आला. गावातल्या एका वजनदार माणसानं वहीत नावं लिहून दिली. सुंदर अक्षर होतं. माझा आवाज खणखणीत, म्हणून वाचायला मला उभं केलं. मी वाचत गेले, लोक येऊन घेऊन गेले. गडबड नाही, ढकलाढकली नाही. आम्हाला तर बरंच वाटलं, की किती शिस्तीत झालं. वही संपली तेव्हा बाजूला बसलेली एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "बाई, आमचं नाव वाचायचं राह्यलं का?"

ती गावकुसाबाहेरच्या वस्तीतली होती. त्या वस्तीतलं एकही नाव वहीत नव्हतं. मी विचारलं तर उत्तर मिळालं, त्यांचं काय पडलंय? ते खरंच होतं. कुडाच्या हलक्या झोपड्या, त्यामुळे तिथली माणसं वाचली होती. पण ज्यांच्या शेतात ती राबायची ते मालक एक तर मेले होते, नाहीतर स्वतःच उघड्यावर होते. मजुरी बंद, म्हणजे चूल बंद. मी म्हातारीला म्हणाले, "उद्या बघू." दुसऱ्या दिवशी आमची गाडी दुसऱ्या गावाला गेली.

मी कुणाशी खोटं बोलले नाही, कुणाचं काही घेतलं नाही. फक्त दुसऱ्यानं लिहिलेली यादी वाचली. तरी तो दिवस मला अजून टोचतो.

तुझ्या मदतकार्याच्या प्रशिक्षणाच्या पुस्तिकेतले चार शब्द मी वाचले. माणुसकी, नि:पक्षपात, तटस्थता, स्वातंत्र्य. पहिले तीन संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं १९९१ मध्ये मान्य केले आणि स्वातंत्र्य २००४ मध्ये जोडलं. नि:पक्षपाताला आपल्याकडे फार जुना शब्द आहे. पंगतीत एकाच्या पानात तूप आणि शेजारच्याच्या पानात कोरडा भात वाढला तर आजी म्हणायची, पंक्तिप्रपंच करू नका. पण बाळंतिणीला तूप जास्त वाढलं तर तिनं कधी कुणाला अडवलं नाही. सगळ्यांना सारखं देणं वेगळं आणि ज्याची भूक मोठी त्याला आधी देणं वेगळं. तुझं काम या दोनांतलं दुसरं आहे, आणि ते यादी करणाऱ्याच्या हातात असतं.

किल्लारीनंतर दहा महिन्यांनी गोमात काय झालं ते तुला शिकवलंच असेल. जुलै १९९४ मध्ये रवांडातून काही दिवसांत आठ लाखांहून जास्त माणसं तेव्हाच्या झाईरमधल्या, म्हणजे आताच्या काँगोतल्या गोमाच्या आसपास येऊन पडली. कॉलरा आणि हगवणीनं पहिल्या महिन्यातच हजारोंनी मेली. त्यांच्याच गर्दीत रवांडात तुत्सी समाजाचा नरसंहार करून आलेले लोकही होते. छावणीत वाटपासाठी कुणाला तरी पुढे करायला हवं, म्हणून रवांडातल्या जुन्या सत्तेचेच पुढारी पुढे केले गेले. त्यांनी माणसांचे आकडे फुगवले, वरचं धान्य आपल्या ताब्यात ठेवलं आणि त्यावर आपली सत्ता पुन्हा उभी केली. त्या नोव्हेंबरात डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या वैद्यकीय संघटनेची फ्रेंच शाखा तिथून निघून गेली. त्याच संघटनेच्या दुसऱ्या शाखा थांबल्या, कारण छावणीत लेकरंही होती. मी हे पुन्हा पुन्हा वाचलं. जाणारे चुकले असं मला म्हणवत नाही आणि थांबणारेही चुकले असं म्हणवत नाही. पण पहिल्या आठवड्यात यादी ज्यांच्या हातात गेली, तिथेच दोघांचाही मार्ग अरुंद झाला, एवढं मला दिसतं.

म्हणून आता तुझा प्रश्न. तीन दिवस की तीन आठवडे, हे दोनच पर्याय त्या माणसानं तुझ्यापुढे ठेवलेत. तू तेवढेच आहेत असं धरू नकोस. यादी व्हायच्या आधीही खूप काही वाटता येतं. पाच वर्षांखालची लेकरं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, येईल तिला, नाव न विचारता पूरक आहार सुरू करा. लेकरांच्या दंडाला घेर मोजायची पट्टी लावा. ११.५ सेंटिमीटरच्या आत घेर आला की ते लेकरू आधी उपचाराला. मी आयुष्यभर अशी लेकरं पाहिली आहेत, त्यांना तीन आठवडे नसतात. बाकीच्यांची नोंद तोवर चालू राहू दे. त्याची यादीही घे, फेकून देऊ नकोस, पण ती ताडून बघायचा एक कागद म्हणून घे.

नावं प्रत्येक वस्तीतल्या बायांकडून गोळा करा. कोण विधवा आहे, कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कोण परवा रात्रीच येऊन पोचलंय, हे पाणवठ्यावरच्या बायांना जेवढं माहीत असतं तेवढं कोणत्याही कचेरीला नसतं. आपल्याकडेही पुढे घरांच्या दुरुस्तीच्या कामात गावोगावच्या बायांना संवाद सहायक नेमलं, तेव्हा कुठे घराघरातलं खरं बाहेर यायला लागलं. वाटप झाल्यावर आठवड्यानं झोपड्यांत जाऊन बघा, पोतं तिथे आहे की बाजारात पोचलंय.

आणि कुठे थांबायचं ते आत्ताच ठरवा, वरिष्ठांसोबत बसून, कागदावर. शेजारच्या संस्थांनाही सोबत घ्या. तुम्ही ती यादी नाकारली आणि पलीकडच्या तंबूनं स्वीकारली, तर तुमच्या नकाराचा उपयोग काय?

तटस्थतेबद्दल मला थोडं वेगळं वाटतं. शब्दाचा अर्थ तटावर उभा राहिलेला. तुला काठावर उभं राहून चालणार नाही, पाण्यात उतरावंच लागेल, आणि दोन्ही काठांवरच्या लोकांना तुझ्यावर भरवसा वाटला पाहिजे. २०१३ च्या डिसेंबरपासून त्या देशात यादवीत इतकं रक्त सांडलंय की नुएर जमातीचे लोक म्हणतील तू डिंका जमातीची, डिंका म्हणतील तू नुएरांची. म्हणून त्या अधिकाऱ्याच्या माणसाशी तोडून वागू नकोस. उद्या रस्ता उघडायला त्यालाच भेटावं लागेल. त्याला मान दे, बसव, आम्ही कसं मोजणार ते समजावून सांग. मोजायचं काम मात्र त्याच्या हाती देऊ नकोस.

एक गोष्ट मी आई म्हणून बजावते. "नाही" म्हणायची वेळ आली तर ते तुझ्या तोंडून जाऊ दे, दुभाष्याच्या किंवा गोदामावरच्या पोराच्या तोंडून नको. तुला विमानानं राजधानीला, जुबाला परत आणतील. त्यांची घरं तिथेच आहेत. दक्षिण सुदानमध्ये मदतीच्या कामात जी माणसं मारली जातात, त्यातली बहुतेक त्याच मातीतली असतात. त्यांच्याही आया आहेत, मेघा.

माझी भीती मी तुझ्यावर लादणार नाही. भीती वाटते, एवढं खरं. तुझे बाबा बोलत नाहीत, पण रोज नकाशा उघडून बेंटिऊच्या भोवतीचं पुराचं पाणी कुठवर आलंय ते बघतात.

वाटपाच्या दिवशी शेवटचं नाव वाचून झालं की लगेच वही मिटू नकोस. मागं वळून बघ, कुणी बाजूला बसलंय का.

तिथे ज्वारीच वाटतात असं तू सांगितलंस, विमानातून पोती टाकतात म्हणालीस. मला ऐकून कसंसंच झालं, आपल्या घरचंच धान्य. तिथल्या बाया पीठ आंबवून किस्रा नावाची पातळ भाकरी करतात म्हणे. करताना बघायला मिळालं तर सविस्तर लिही. आणि ज्वारी आपल्यासारखी पांढरी असते की लाल, तेही कळव.

तुझी,
आई