जिप्सी घेतली, त्याबद्दल

पुणे,
रविवार रात्र

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही "आता काय वडाप चालवणार आहेस?" एवढंच विचारलंत आणि फोन आईकडे दिलात. आईने जेवलीस का विचारलं आणि ठेवला. म्हणून हे पत्र. फोन तुम्ही मधेच दुसऱ्याच्या हातात देता, पण पत्र शेवटपर्यंत वाचता. हॉस्टेलवरून पाठवलेली माझी पत्रंसुद्धा तुम्ही ऱ्हस्व-दीर्घ लाल पेनाने सुधारून परत पाठवायचात. हेही पाठवा, हरकत नाही.

तर होय, मी जुनी गाडी घेतली. मारुती जिप्सी, २००८ ची, हिरवी, कापडी टपाची. आई, ताडोबाला आपण ज्या उघड्या गाडीतून फिरलो, आणि वाघीण दिसली तेव्हा तू डोळे मिटून दांडा धरून बसली होतीस, तीच ही गाडी. १९८५ साली आली. लष्कराने वापरली, पोलिसांनी वापरली, वनखात्याने वापरली. नवे सुरक्षा नियम आले तेव्हा, २०१९ च्या सुमारास, कंपनीने ती विकणं थांबवलं. म्हणजे हवी असेल तर जुनीच घ्यावी लागते. "नवी घे ना" हा आईचा सल्ला इथेच निकालात निघतो.

तुमच्यासाठी घेतली, असं सांगायचा मोह झाला होता. आईचे गुडघे, खालच्या रस्त्यापासून घरापर्यंतची घाटी, पावसाळ्यात जांभ्यावर धरणारं शेवाळ, सगळं तयार होतं. तुम्ही विरघळलाही असतात. पण ते खोटं ठरलं असतं. मला ही गाडी आवडते म्हणून घेतली. चाळीशी उलटल्यावर एक गोष्ट निव्वळ आवडते म्हणून घेतली, इतकंच.

आता ती कशी घेतली ते सांगते, कारण तुमची खरी भीती तीच आहे. मला कोणीतरी टोपी घातली असणार.

इथे अशा गाड्यांचं वेड असलेले काही लोक आहेत. रविवारी पहाटे मुळशीकडे, ताम्हिणीच्या अलीकडच्या माळांवर जातात, चिखलात अडकतात, एकमेकांना ओढून काढतात आणि मिसळ खाऊन घरी येतात. त्यांच्यात लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदार आहेत, मूळचे साताऱ्याकडचे. ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती शाखेत, आयुष्यभर गाड्या दुरुस्त केल्या. सगळे त्यांना सुभेदारकाकाच म्हणतात. दुसऱ्या म्हणजे चिंचवडच्या एक दाताच्या डॉक्टर, स्वतःची थार (महिंद्राची जीप) स्वतः चालवतात आणि दात बघावेत तशी गाडी बघतात, टॉर्च तोंडात धरून. माझ्यासाठी या दोघांनी चार रविवार घालवले. का, ते मला अजून नीट कळलेलं नाही. पेट्रोलचे पैसेसुद्धा घेतले नाहीत.

पहिली पाहिली ती थार, २०१२ ची, दिसायला नवरीसारखी. मालक हौशी. गाडी समुद्रकिनाऱ्यावर, पाण्यात चाकं भिजवत उभी केलेले फोटो त्याने स्वतःच कौतुकाने दाखवले. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. सुभेदारकाका पोतं अंथरून गाडीखाली गेले आणि छोट्या हातोडीने चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, ठोकत निघाले. टण, टण, टण, मग एकदम बद्द. तिथे पेचकस टेकवला तर लोखंडाचे पापुद्रे हातात आले. खारं पाणी चेसिसच्या पोकळीत शिरतं आणि आतून खातं, वरून रंग झकास राहतो. काका बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "ताई, इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो. चेसिस गेली की गाडी गेली." मालकाने मला विचारलं, "मिस्टर कधी येणार आहेत बघायला?" काकाच म्हणाले, "गाडी यांनाच घ्यायचीय. मी हेल्पर."

दुसरी महिंद्राची एमएम ५४०, प्यूजोच्या डिझेल इंजिनाची, लष्कराच्या लिलावातली म्हणून सांगितलेली. आवाज असा की तुम्हाला तुमच्या तरुणपणीची सरकारी जीप आठवली असती. मी जवळजवळ हो म्हणणार होते. काकांनी चेसिसवरच्या नंबरावर कागद धरून पेन्सिल फिरवली आणि ठसा घेतला, आरटीओत घेतात तसाच. आरसी पुस्तकातल्या नंबराशी दोन आकडे जुळेनात. मालक म्हणाला, लिहिताना चूक झाली असेल. आम्ही चहाही न पिता निघालो.

जिप्सी सापडली तासगावला, एका द्राक्षबागायतदाराकडे. आम्ही पोचलो तेव्हा गाडी अंगणात सुरू करून ठेवलेली. काकांनी बॉनेटवर हात ठेवला, गरम. गरम इंजिन कोणतंही चांगलंच वाजतं. गार इंजिन पहिल्या चावीला कसं उठतं आणि मागून निळा धूर सोडतं का, ते बघायचं असतं. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. म्हणून आम्ही तीन तास बसलो. जेवलो, बाग पाहिली, त्यांच्या आईने दिलेले बेदाणे खाल्ले. मग पुन्हा चावी फिरवली. पहिल्या झटक्यात उठली, धूर नाही.

डॉक्टरबाईंनी पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचे (चाकांच्या आसामधली गिअरची पेटी) बोल्ट सोडून बोटावर ऑइल घेतलं. ते दुधाळ चहासारखं दिसलं तर समजायचं की गाडी ओढ्यात बुडवलेली आहे आणि आत पाणी शिरलंय. ते काळं होतं, पण स्वच्छ काळं. मग मला चालवायला दिली. जिप्सीत गिअरचा एक दांडा असतो आणि शेजारी दुसरा छोटा. तो दुसरा पुढच्या चाकांनाही ओढायला लावतो. त्यातच 'फोर-लो' म्हणून एक जागा आहे. तिथे टाकलं की वेग बराच कमी होतो आणि ओढ तेवढीच वाढते. जुन्या जिप्सीत खेळ असा होतो की उतारावर अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की तो दांडा आपोआप उडून सुटतो, म्हणजे आतले दाते झिजलेत. बागेच्या बांधावरून मी तीन वेळा उतरवली. उडाला नाही. साठच्या वेगाला मात्र स्टिअरिंग थरथरलं. त्यावर काकांना जरा आनंदच झाल्यासारखं वाटलं. "किंगपिनचे बेअरिंग," म्हणाले, "ते तर होणारच." पुढची चाकं ज्या खिळीवर वळतात तिचे.

आणि आता बाबा, तुमचा भाग.

मागच्या हौद्यात, आडव्या बाकांच्या खाली, पत्र्यावर निळसर-हिरवा डाग होता. काका म्हणाले रंग सांडला असेल. डॉक्टरबाईंनीही टॉर्च मारून सोडून दिलं. मी खाली बसले आणि मला एकदम सातवीचा वर्ग आठवला. काचेच्या ग्लासात मोरचुदाचं पाणी, त्यात दोऱ्याला बांधलेला लोखंडी खिळा, आणि तुम्ही म्हणायचात, "तांबं येऊन बसतंय आणि लोखंड निघून जातंय, बघा." द्राक्षाला बोर्डो मिश्रण मारतात, त्यात मोरचूद असतो. मोरचुदाचे कॅन याच गाडीतून बागेत जायचे आणि सांडायचे. मी मालकांना विचारलं, त्यांनी लगेच कबूल केलं, वर विचारलं की तुम्ही शेतीतल्या का. तिथलं रबरी मॅट उचललं तर पत्रा चाळणी झालेला. चेसिस ठीक होती, फक्त हौदा गेला होता. सव्वापाच लाखांवर अडून बसलेला माणूस त्या एका डागावर खाली आला.

चार लाख सत्तर हजार.

(हा आकडा तुम्ही पत्रात शोधत असाल, म्हणून वेगळ्या ओळीत लिहिला. शिवाय पुण्यात आल्यावर दुरुस्तीला ७८ हजार गेले. किंगपिनचे बेअरिंग, पुढच्या चाकांची ऑइल सील, ट्रान्स्फर केसचे (त्या छोट्या दांड्याखालची गिअरची पेटी) रबर, हौद्याला नवा पत्रा, आणि पेट्रोलचे सगळे रबरी पाइप, कारण आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही.)

पैसे मात्र मी त्या दिवशी दिले नाहीत. आरसीवर एका बँकेच्या कर्जाचा बोजा दिसत होता. मालक म्हणाले, "ते कर्ज केव्हाच फिटलंय हो, कागद होतील मागाहून." माणूस चांगला होता. खोटं बोलत नव्हता, ते मलाही कळत होतं. काकाही म्हणाले, टोकन देऊन ठेवा, गाडी हातची जाईल. मी नाही म्हटलं.

बाबा, आपल्या घरात त्या मोटारसायकलबद्दल कधी कोणी बोललं नाही. मी पाचवीत होते. मधली सुट्टी होती. पतपेढीचे दोन लोक आले आणि शाळेच्या मैदानातून गाडी ढकलत घेऊन गेले, कारण ज्याने तुम्हाला ती विकली त्याचे हप्ते थकले होते. तुम्ही तास घ्यायला आत गेलात आणि फळ्यावर तारीख लिहिलीत. त्यानंतर आपल्या घरात वापरलेली वस्तू आली नाही, सायकलसुद्धा नाही. मला वाटायचं मी लहान होते म्हणून मला विसरायला होईल.

तर मी तीन आठवडे थांबले. बँकेचा ना-हरकत दाखला, बोजा उतरवायचा फॉर्म ३५, आरसीवरचा बोजा उतरल्याची नोंद, हे सगळं ऑनलाइन स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. गाडीवर चलनं बाकी नाहीत ना ते पाहिलं. २०२३ मध्ये पंधरा वर्षं भरली तेव्हा त्यांनी तपासणी करून, पर्यावरण कर भरून नोंदणी २०२८ पर्यंत वाढवून घेतलेली होती, त्याच्या पावत्या घेतल्या. मग गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, आणि मग पैसे, बँकेतूनच. विमा चौदा दिवसांच्या आत माझ्या नावावर करून घेतला. सगळ्याच्या झेरॉक्स या पाकिटात आहेत. तुम्ही चष्मा लावून बघालच.

आई, आता तुझं. मी एकटी कुठेही जात नाही, कमीत कमी दोन गाड्या असतात, हा या लोकांचा पहिला नियम. डोंगरावर पट्टा न लावता कोणी बसला तर काका गाडी पुढे नेऊ देत नाहीत. मागच्या रविवारी मला एक चिखलाचा उतार उतरवायला लावला. आधी टायरमधली हवा कमी केली, म्हणजे टायर पसरून जमीन धरतो. मग फोर-लो, पहिला गिअर, आणि काका खिडकीशी उभे राहून म्हणाले, "दोन्ही पाय खाली ठेवा. ब्रेक नाही, क्लच नाही. इंजिन धरेल." सगळं अंग सांगत होतं ब्रेक दाब. नाही दाबला. गाडी म्हशीसारखी, एकेक पाय टाकत उतरली. खाली पोचल्यावर माझे हात कापत होते आणि मी हसत होते.

गटातली तरुण पोरं मागे लागलीत की मोठे टायर टाका, गाडी उंच करा, पुढे लोखंडी बंपर लावा. काकांचा आणि माझा त्याला विरोध. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय की कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही. उद्या काही झालं तर विमा कंपनी आधी टायरकडेच बोट दाखवेल. आणि मला वाटतं, गाडी जशी आहे तशीच पुरेशी गबाळी दिसते.

गैरसोयी लपवत नाही. एसी नाही. पाटे स्प्रिंगा पुढेही आणि मागेही, त्यामुळे खड्डा कंबरेला कळतो. पावसात कापडाच्या शिवणीतून मांडीवर थेंब पडतो, नेमका डाव्या. पेट्रोल बरंच पिते. ऑफिसला मी अजून बसनेच जाते.

चतुर्थीला गाडी घेऊन येणार आहे. आंबा घाटाने, दिवसाउजेडी, डॉक्टरबाईंची थार सोबत असेल. त्यांनाही कोकणातला गणपती बघायचाय, तर आई, दोन पानं जास्त धर. त्या गोड खात नाहीत म्हणतात, पण मोदकाचं बघू.

बाबा, एक काम आहे. बेड्याच्या दारातल्या दोन दगडांमधलं अंतर मोजून कळवा. गाडीची रुंदी १५४ सेंटिमीटर आहे, वर आरसे धरले तर आणखी, पण ते मिटतात. अंदाजाने सांगू नका, टेप घेऊन मोजा, आणि खालच्या बाजूलाही मोजा, कारण उजवीकडचा दगड आत कललेला आहे असं मला आठवतं. नसेल जात तर खाली पिंपळाशी लावीन आणि चालत येईन.

तुमची,
ताई